स्टेशनवर ओळखण्याची खूण

श्रीरामपूर
१० सप्टेंबर १९७२

प्रिय दानी,

तुला आणि बनूला सलाम.

तुझं पत्र शाळेत मिळालं. यापुढेही शाळेच्याच पत्त्यावर पाठव. घरी टपालवाला आला की आई माझ्या आधी दारात जाते, आणि तुझं अक्षर ती दुरूनही ओळखेल. तू बनूशी रजिस्टर लग्न करून तिला घेऊन दारात उभा राहिलास, आणि हिंदू सून या ख्रिस्ती घरात यायची न्हाई म्हणून आईने आतून कडी लावली, त्याला आता तीन वर्षं झाली. तेव्हापासून ती तुझं नाव घेत नाही. मी घेतलं तर उठून परसात जाते आणि वाळलेल्या तुळशीला नाहीतर शेवग्याला तांब्याभर पाणी घालते. तुळस कसली म्हणशील, तर ती खोकल्यासाठी लावलेली आहे. एरवी तिची तब्येत ठणठणीत आहे. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झाली तरी गल्लीतल्या बाया अडल्यानडल्या तिलाच हाक मारतात. परवा ओट्यावर बसली होती, समोरून एक सून हंडा घेऊन गेली, तर मला म्हणते, "हिला चौथा लागलाय. हिच्या सासूला अजून पत्ता न्हाई." आणि तसंच निघालं.

आता तुझ्या इंग्रजीचं. भुसावळला रुळांवरचा मेस्त्री म्हणून लागलास तेव्हाच मला वाटलं होतं की तू तेवढ्यावर थांबणार नाहीस. इन्स्पेक्टरच्या परीक्षेला बसतोयस हे वाचून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना पेढे वाटणार होते, पण कारण काय सांगायचं म्हणून राहिले. तू घाबरू नकोस. रुळात कुठे काय बिघडलंय हे तुझ्या डोळ्यांना कळतंच. ते साहेबी भाषेत कागदावर मांडायचं, एवढंच राहिलंय.

तू लिहिलंस, "आय सॉ वन बिग क्रॅक इन रेल." रिपोर्टात "आय" नको. साहेबाला तू दिसायला नकोस, भेग दिसायला हवी. म्हणून लिहायचं, "अ क्रॅक वॉज क्लिअरली व्हिजिबल." येता-जाता कोणाच्याही नजरेत भरेल अशी गोष्ट असेल तर "कॉन्स्पिक्युअस." स्पेलिंग अवघड आहे, तुकडे पाडून पाठ कर. हातात पुरावा असेल तर "इट इज एव्हिडंट दॅट." तसं दिसतंय पण खात्री नाही, तर "इट इज अपॅरंट." आणि "ऑब्व्हियस" हा शब्द वरिष्ठांना लिहायचाच नाही. हे तर उघड आहे असं साहेबाला कळवलं की साहेबाला वाटतं, मला दिसलं नव्हतं असं हा सुचवतोय.

पाऊस नाही. पाटाला थोडं पाणी आहे म्हणून आपल्याकडे अजून बरं. पूर्वेकडची माणसं गुरं घेऊन इकडे येताहेत.

बनूला कुठला महिना, ते तू लिहिलं नाहीस. लिही.

तुझी
ताई


श्रीरामपूर
१५ ऑक्टोबर १९७२

प्रिय दानी,

सलाम. तुझी पाचही वाक्यं तपासून सोबत पाठवली आहेत. लाल शाई जास्त दिसली तरी मनावर घेऊ नकोस, माझ्या दहावीच्या मुलींच्या वह्यांत याहून जास्त असते. "प्रॉमिनंट" तू खड्ड्याला वापरलास. खड्डा प्रॉमिनंट नसतो. वर आलेलं, पुढे आलेलं, असं काही असेल तर तो शब्द. टेकाड प्रॉमिनंट, नाक प्रॉमिनंट, आपल्या मामांचं पोट प्रॉमिनंट.

या आठवड्यात "कॉन्स्पिक्युअस" शब्द माझ्याकडे आपल्या पायांनी चालत आला. सांगते. मधल्या सुट्टीत एक पेंटर शाळेत आला. कानिफनाथ नाव, मूळचा राहात्याचा, इथे स्टेशन रोडला खोली घेऊन पाट्या रंगवतो. इंग्रजीच्या बाई कोण म्हणून विचारत माझ्यापर्यंत पोचला. त्याच्या हातात रेशन दुकानाला आलेला एक सरकारी कागद होता. धान्य किती आलं, किती उरलं, त्याचा फलक दुकानदाराने लावायचा, आणि तो कॉन्स्पिक्युअस जागी लावायचा, असं त्यात इंग्रजीत लिहिलेलं.

तो म्हणाला, "बाई, दुकानदार म्हनतो आत पोत्यांच्या मागं रंगव. कागदात काय म्हनलंय तेवढं मला सांगा. मी तसंच करनार."

मी सांगितलं, जिथे आल्यागेल्याच्या नजरेला पडल्याशिवाय राहणार नाही अशी जागा. त्याने मान हलवली, शब्द एकदा माझ्याकडून म्हणवून घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून येताना पाहिलं, तर दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या उजव्या अंगाला, पुरुषभर उंचीचा फलक. दुकानदार शिव्या देत होता आणि रांगेतल्या बाया एकमेकींना आकडे वाचून दाखवत होत्या. त्या दुकानदाराने त्याला पुढचं काम दिलं नाही. मी हळहळले, तर म्हणाला, पाट्या काय, गावात लई हायत.

चौथा महिना म्हणजे आता बनूने जड उचलायचं नाही. आईला न सांगता मी आईच्या तोंडून बरंच काही काढून घेते, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहीन.

तुझी
ताई


श्रीरामपूर
२७ डिसेंबर १९७२

प्रिय दानी, प्रिय बनू,

नाताळाचा सलाम.

बनूने पाठवलेलं बाळंतविडा विणायचं नाजूक सूत बघून फार बरं वाटलं, पण अगं, दुकानदाराने तुला फसवलं. ते धुतलं की आटतं. मी दुसरं घेऊन ठेवलंय.

नाताळच्या उपासनेला देवळात यंदा गर्दी होती. दुष्काळी कामावरची पुष्कळ माणसं सुट्टी घेऊन आली होती. गायनाच्या वेळी ढोलकीला दानी नव्हे, दुसराच कोणी बसला होता. (आधी एक नाव खोडलंय, ते वाचू नकोस. तुझं नाव लिहायला गेले आणि हात वेगळीकडे वळला.) तुझ्या जागी तो पोरगेला गडी बसला होता आणि तिसऱ्या गाण्याला त्याचा ठेका घसरला. आई माझ्या शेजारी बसली होती. ती पुढे बघत म्हणाली, "हा ठेका आपल्याकडं असा कधी पडायचा न्हाई." तीन वर्षांत ती तुझ्याविषयी एवढंच बोलली. इंग्रजीत याला "कॉन्स्पिक्युअस बाय हिज अॅब्सेन्स" म्हणतात. जो तिथे नसल्यामुळेच सगळ्यांना दिसतो, तो. परीक्षेत हे वापरू नकोस. पण मनात ठेव.

आपलं आडनाव उजागरे आणि घरात सगळं झाकलेलं, असं बाबा थट्टेने म्हणायचे. नाताळच्या दिवशी मला त्यांची फार आठवण आली.

पेंटर नाताळचं म्हणून मला पाट्या बघायला घेऊन गेले होते. म्हणजे सबंध बाजारपेठ आम्ही पायी फिरलो आणि त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या पाट्यांमधल्या चुका मी सांगितल्या. चुका तीनच निघाल्या. "टेलर" त्यांनी दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिला होता. त्यातल्या एका शिंप्याने आपली चुकीची पाटी बदलू दिली नाही, म्हणाला गिऱ्हाइकं याच पाटीला ओळखतात. हसून हसून माझे डोळे भरले. चहा आम्ही हॉटेलबाहेरच्या बाकावर घेतला. ते आपला कप पिशवीत घेऊन हिंडतात. सवय आहे त्यांची.

नवीन वर्ष तुम्हा तिघांना सुखाचं जावो.

ताई


श्रीरामपूर
११ फेब्रुवारी १९७३

प्रिय दानी,

तुझं पत्र वाचताना मी स्टाफरूममध्ये एकटी होते ते बरं झालं.

तू लिहितोस, "ताई, ऑक्टोबरच्या पत्रात पेंटर 'तो' होता. नाताळच्या पत्रात 'ते' झाले. इट इज एव्हिडंट." आणि खाली रेघ मारलीस. तुला शिकवलं ते असं माझ्यावरच फिरवशील हे मला कळायला हवं होतं. आणि वाक्य अपुरं आहे. "दॅट" लावून पुढे काय ते लिहायचं असतं.

बरं, मीच पुरं करते. त्यांनी मला विचारलं आहे. मकरसंक्रांतीनंतर, शाळेच्या फाटकाशी, हातात रंगाचा डबा धरून. म्हणाले, "बाई, तुमी न्हाई म्हनाला तरी पाट्या दाखवाया येत जाईन. त्याचा संबंध याच्याशी लावू नका." मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मी चौतीस वर्षांची आहे, दानी. मला बघायला आलेल्यांपैकी शेवटचा येऊन गेला त्याला सात वर्षं होऊन गेली, आणि तो उठताना मला नव्हे, आईला म्हणाला होता की मुलगी जास्त शिकलेली आहे.

ते कसे आहेत, विचारलंस. उंची तुझ्याएवढी. डावखुरे आहेत. केस मागे वळवलेले. मोठ्याने बोलत नाहीत. इंग्रजी अक्षरं फार सुरेख काढतात, अर्थ कळला नाही तर विचारल्याशिवाय ब्रश लावत नाहीत. घरात आई-वडील नाहीत, राहात्याला एक भाऊ शेती करतो. पूर्वी एकदा लग्न ठरलं होतं, ते काही कारणाने मोडलं. दारू नाही. आणखी काय सांगू? ते हिंदू आहेत, हे तू नावावरून ओळखलंच असशील. या घराचं दार एकदा त्या कारणावरून बंद झालेलं आहे. मी दाराच्या आत आहे आणि आईला माझ्याशिवाय कोणी नाही. मी गेले तर तिचं काय, या प्रश्नापाशी मी रोज येऊन थांबते.

आई काही बोललेली नाही. तिला काही कळलेलं नसावं असं मी धरून चालले आहे.

परीक्षा एप्रिलमध्ये म्हणतोस, तर आता वाक्यं पुरेत, सबंध उतारे लिही. रूळच हवेत असं नाही. घरातली कुठलीही गोष्ट घे, नीट बघ आणि रिपोर्टासारखी लिहून पाठव. काही थोडंसं जाणवण्याजोगं असेल तर "नोटिसेबल," आधीपेक्षा चांगलाच फरक पडलेला असेल तर "मार्क्ड." दोन्ही वापरून दाखव.

ताई


श्रीरामपूर
शनिवार, १० मार्च १९७३

दानी,

तार मिळाली असेल आणि बनू रेल्वेच्या दवाखान्यात असेल असं धरून लिहिते. अजून नेलं नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी तिला ने.

झालं ते असं. तुझा उतारा काल शाळेत आला. आज अर्धी शाळा, घरी आले तेव्हा आई पाण्याच्या टँकरवर गेली आहे असं मला वाटलं. मी वरच्या खोलीत न जाता पुढच्याच खोलीत उतारा तपासायला बसले. तुला ठाऊक आहे, मी तपासताना मोठ्याने वाचते. "स्वेलिंग ऑफ बोथ फीट इज क्लिअरली व्हिजिबल. इन द मॉर्निंग हर फेस इज नोटिसेबली स्वोलन. देअर इज मार्क्ड हेडएक. शी सेज शी सीज स्पार्क्स." तू थट्टेने लिहिलंस, आणि मीही हसतच "मार्क्ड हेडएक" खाली रेघ मारली, कारण डोकेदुखीला "सिव्हिअर" लावतात. मी शब्द बघत होते, दानी. त्यामागची बाई माझ्या डोळ्यांसमोर आलीच नाही.

आई मागच्या दारात उभी होती. इंग्रजी तिला येत नाही, पण दवाखान्यातलं इंग्रजी तिने जन्मभर ऐकलंय.

"कोनाचे पाय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कोणाचे नाहीत, व्याकरणाचा धडा आहे.

"धड्यातल्या बाईला डोळ्यापुढं काजवे दिसत न्हाईत. कोनाचे पाय, सारा?"

मी सांगितलं. बनूचे. दानीच्या बनूचे.

ती उठून परसात गेली नाही. कितवा महिना, विचारलं. आठवा संपत आला म्हटलं. बांगड्या सैल आहेत का रुतताहेत, विचारलं. मला माहीत नव्हतं. मग ती म्हणाली, असलं दुखणं तिने तिच्या हाताखाली बघितलेलं आहे, त्यात आधी पाय सुजतात, मग डोकं, मग काजवे, मग झटका येतो, आणि झटका आला की बाळ आणि आई दोन्ही हातातून जातात. आज न्यायचं, उद्या नाही. मीठ बंद, अंधाऱ्या खोलीत निजवायचं, एकटं सोडायचं नाही. हे सगळं तारेत मावलं नाही म्हणून इथे लिहिते. डॉक्टरांना काजव्यांचं आवर्जून सांग.

स्टेशनात जाऊन तार करून परत आले तोवर तिने तिची जुनी पत्र्याची पेटी भरली होती. नऊवारी, बाळाची दुपटी, तेलाची बाटली, आणि मी बाळासाठी विणून लपवून ठेवलेलं सुद्धा. कुठे ठेवलंय हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, मी येते बरोबर. म्हणाली, "तुझ्या पोरींची परीक्षा हाय. तू शाळा सोडू नको." मग पेटीला दोरी आवळत म्हणाली, "त्या पाट्या रंगवनाऱ्याला सांग, मला भुसावळपातूर पोचवून ये म्हनावं."

 तिने वर बघितलं.

"तुझ्या पदराला महिन्याभरापासनं निळा रंग लागतोय. शाळेत खडू पांढरा असतो."

तर दानी, पेंटर लगेच हो म्हणाले. आज गाडी निघून गेली आहे, म्हणून आई आणि ते उद्या सकाळच्या गाडीने निघतील आणि मनमाडला बदलून संध्याकाळी तुझ्याकडे पोचतील. हे पत्र आत्ताच्या मालगाडीचे गार्ड सहादेवराव यांच्याकडे देते आहे. ते पुढच्या गार्डकडे देतील आणि रात्रीत तुझ्या हातात पडेल असं म्हणाले.

तू दवाखान्यात असलास तर स्टेशनवर कोणाला तरी पाठवशील, आणि आईला त्याने कधी पाहिलेलं नसेल. म्हणून बरोबरच्या माणसाची खूण देणं भाग आहे. मी तुला त्यांच्याविषयी एवढं लिहिलं, उंची लिहिली, केस लिहिले, डावा हात लिहिला. स्टेशनवर उतरलेल्या गर्दीत त्याचा काही उपयोग नाही.

कानिफनाथांना कोड आहे. डावा गाल, कपाळाचा अर्धा भाग, डावी पापणी आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे आहेत. फलाटाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतील. त्यांच्याभोवती जरा जागा मोकळी असते, त्यावरूनही कळेल. तेवढ्यासाठीच ते आपला कप बरोबर नेतात आणि तेवढ्यासाठीच त्यांचं लग्न मोडलं. पहिल्या दिवशी शाळेत आले तेव्हा मला सर्वांत आधी तेच दिसलं होतं. तुला लिहिलं नाही, कारण मला वाटत होतं की तू त्यांना आधी माझ्या शब्दांतून ओळखावंस आणि मग डोळ्यांनी बघावंस. आता वेळ उरला नाही.

बनूला माझा सलाम. ती बरी आहे असं लवकर कळव.

तुझी
ताई


श्रीरामपूर
१६ मार्च १९७३

प्रिय दानी,

तुझी तार मंगळवारी आली आणि मी शाळेच्या पायरीवर बसून राहिले. सूज उतरते आहे, डोकं थांबलं आहे, डॉक्टरांनी दवाखान्यातच ठेवून घेतलं आहे, एवढं वाचूनही जीव भांड्यात पडला. तुझे डॉक्टर म्हणाले की आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होतं, हे मी आईला कधीच सांगणार नाही. तिला ते माझ्याआधी माहीत आहे.

पेंटर बुधवारी परतले. गाडीत काय झालं ते त्यांनी थोडं थोडं सांगितलं, मलाच ओढून काढावं लागलं.

मनमाडच्या पुढे डबा भरला. एक गृहस्थ कुटुंबासह चढले. त्यांनी यांचे हात पाहिले आणि दाराशी जाऊन उभं राहायला सांगितलं, हा रोग चिकटतो म्हणून. हे नेहमीप्रमाणे उठायला लागले. आईने त्यांच्या सदऱ्याला धरून खाली बसवलं. त्या गृहस्थांना ती म्हणाली, "चाळीस वर्सं दवाखान्यात काढली मी. हे कोड हाय. चिकटत न्हाई. याच्याच कपातून आत्ता च्या प्याले मी." आणि तिने खरोखर तो कप पिशवीतून काढून त्यांच्यासमोर पुन्हा त्यात पाणी ओतून घेतलं. ते कुटुंब पुढच्या डब्यात गेलं आणि या दोघांना पाय पसरायला जागा झाली.

नंतर तिने यांना एकेक विचारायला सुरुवात केली. रोज किती पाट्या मिळतात. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा काय करता. भाऊ जमिनीवरून भांडतो का. लग्नानंतर सारा रविवारी आमच्या देवळात जाईल, चालेल का. हे म्हणाले, मी सोडायला येईन. तिचं नाव बदलणार का, विचारलं. हे म्हणाले, "न्हाई. मी त्या नावानंच त्यांना वळखतो." त्यावर ती भुसावळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

मी त्यांना विचारलं, मग निरोप घेताना आई काय म्हणाली. म्हणाले, काही नाही, सलाम केला.

दानी, तुझं आणि आईचं दवाखान्याच्या दारातलं पहिलं बोलणं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. लिहू नकोस. ती आत आली आणि तिने पदर खोचून बनूच्या पायाला तेल लावलं, एवढं तू लिहिलंस ते मला पुरे आहे. बनूला काय वाटलं असेल याचा विचार करते. काष्टीहून तिच्या माहेरचं कोणी लग्नानंतर तिच्याकडे फिरकलं नाही. तीन वर्षांत तिच्या पायाला हात लावणारी मोठी बाई पहिल्यांदा आली, आणि ती आपली आई.

घर फार मोकळं वाटतं. परसातल्या शेवग्याला मी पाणी घालते.

ताई


श्रीरामपूर
६ मे १९७३

प्रिय दानी, प्रिय बनू,

सलाम, आणि माझ्या भाचीला आत्याचा वेगळा सलाम.

वजन आता वाढतंय हे वाचून बरं वाटलं. इतकी लहान जन्मलेली मुलगी आईने कापसात गुंडाळून, उबेला धरून वाढवली, आणि तिच्याशी दिवसभर बोलते, म्हणजे तीन वर्षांचं न बोललेलं सगळं ती तिलाच ऐकवते आहे. बनू, तू तिला तुझ्या माहेरच्या पद्धतीचं काळं तीट लावलंस आणि आईने ते पुसलं नाही, हे तू दोनदा लिहिलंस. मीही दोनदा वाचलं.

दानी, परीक्षेचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तुझा पेपर चांगला गेला हे मला तुझ्या पत्राच्या अक्षरावरूनच कळलं.

जूनमध्ये तुम्ही सगळे आईबरोबर इथे येणार आहात, हे आईने ठरवलंय की तू, ते तू मोघम ठेवलंस. मी तुझ्यासाठी वरची खोली झाडून घेतली आहे. रजिस्ट्रारच्या कचेरीत आम्ही लग्नाची नोटीस दिली आहे. साक्षीदार म्हणून तुझी सही हवी. माझ्या मुख्याध्यापिकाबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या की पाहुण्यांसाठी शाळेची बाकं हवी असली तर घेऊन जा.

आता तू लिहिलेल्या त्या गोष्टीविषयी. ती यांनी मला सांगितलेली नव्हती. सलाम केला, एवढंच म्हणाले होते. तू लिहिलंस म्हणून मला कळलं, की परतीची गाडी लागल्यावर आई दवाखान्यातून मुद्दाम स्टेशनवर आली. ते खिडकीशी बसले होते, तिने त्यांना खाली उतरायला लावलं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं बघते तसं तिने त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं, पापणी बघितली, गाल बघितला, हात उलटेसुलटे करून बघितले. फलाटावरची माणसं थांबून बघत होती. मग ती म्हणाली, "उन्हात शिडीवर चढतोस तर डोक्याला टोपी घालत जा. ह्या कातड्याला ऊन सोसत न्हाई."

मी रोज त्यांच्याशी बोलते, दानी, आणि मला हे सुचलं नव्हतं. मी त्यांना विचारलं की हे तुम्ही मला का सांगितलं नाही. बराच वेळ ब्रश पुसत राहिले. म्हणाले, सांगायला गेलो असतो तर सांगता आलं नसतं.

काल शनिवार होता. मी शाळेतून सुटल्यावर बाजारात गेले आणि गवताची, रुंद काठाची एक टोपी घेतली. ते मोंढ्याजवळ एका कापडदुकानाची पाटी रंगवत होते, शिडीच्या वरच्या पायरीवर, ऊन थेट तोंडावर. बाजाराचा दिवस, पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्यांच्या आयांबरोबर भाजी घेत होत्या. पूर्वी मी अशा वेळी समोरच्या बाजूला उभी राहून त्यांनी खाली बघायची वाट पाहायचे.

मी शिडीपाशी गेले आणि त्यांना नावाने हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही, म्हणून पुन्हा मोठ्याने मारली. अर्धा बाजार वळून बघत होता. ते खाली आले, आणि मी ती टोपी माझ्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवली.

तुमची
ताई